दोरीनं मोजलेली छपरं

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाकडे सरळ पाहिलं नाही. समोर कलेक्टर असो, व्याही असो की स्वतःची बायको असो, त्यांची नजर त्या माणसाच्या डोक्यावरून निघायची आणि थेट छपराला जाऊन चिकटायची. अनोळखी लोकांना वाटायचं, गृहस्थ भाविक आहेत, सारखं वर पाहून देवाचं नाव घेतात. काहींना वाटायचं, मान आखडली आहे. मला पाहायला ते आमच्या नागभीडच्या घरी आले तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी नवा कोट घातला होता आणि तो कोणीही पाहिला नाही. हे आत आले, वर पाहून आढ्याला नमस्कार केल्यासारखे हात जोडले आणि बसले. माझे वडील माझं शिक्षण, मास्तरची नोकरी, स्वभाव सगळं सांगत होते आणि हे वर बघत "हं, हं" करत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे आढं कोणं टाकलं जी?" वडील म्हणाले, "आमच्या आज्यानं." त्यासरशी हे उठले, धानाच्या पेटीवर चढले, आढ्यावर बोटांच्या पेरांनी तीन ठिकाणी टकटक केली, कान लावून ऐकलं, खाली उतरले आणि म्हणाले, "घर चांगलं हाये. पोरगी देतो." चांद्याला परतल्यावर सासूबाईंनी साहजिकच विचारलं, की पोरगा कसा आहे. त्यावर बराच विचार करून ते म्हणाले म्हणे, "होता बाप्पा एक पोरगा तिथी. बसला होता." ही गोष्ट माझ्या बायकोनं आजवर मला इतक्या वेळा ऐकवली आहे, की आता ती माझ्यासमोरच घडली असं मलाही वाटतं.

मी त्यांना मामाजी म्हणत असे, आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. ते मला जवाईबापू म्हणत. पन्नास-पंचावन्नच्या त्या सालांत, चंद्रपूर अजून चांदाच होतं तेव्हा, शहराच्या कोटाच्या दरवाजाबाहेर त्यांचा लाकडाचा कारखाना होता. कारखाना हा शब्द त्यांचा. तेलावर चालणारं एक इंजन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा आरा, दहाबारा सुतार आणि पुरुषभर उंच भुशाचा ढीग एवढाच पसारा. पण कोणी त्याला 'दुकान' म्हटलं की मामाजी त्या माणसाला चहा विचारत नसत. तिथे खाटा, कपाटं, पाट-चौरंग असलं काही होत नसे. व्हायचं ते फक्त घराचं हाड: कैच्या, तुळया, वासे, दरवाजांच्या चौकटी. कैची म्हणजे भिंतीवर बसणारा लाकडाचा तो मोठा त्रिकोण, ज्याच्या जिवावर सगळं छप्पर उभं असतं. एकदा एका वकिलानं मुलीच्या लग्नासाठी पलंग करून द्या म्हटलं, तेव्हा मामाजींनी त्याला फाटकापर्यंत पोचवत फार शांतपणे सांगितलं, "वकीलसाहेब, पलंगावर माणूस झोपते. माझ्या कामाखाली माणूस जगते." वकील बिचारा दुसरीकडून पलंग घेऊन गेला, पण पुढे घर बांधलं तेव्हा कैच्या घ्यायला मुकाट्यानं इथेच आला.

त्यांचा सगळा अभिमान एका गोष्टीत होता, आणि तो खोटा नव्हता. त्या काळी घराचं छप्पर घालायचं म्हणजे सुतार मालकाच्या दारात येऊन मुक्काम ठोकायचे. दोन-दोन महिने तिथेच लाकूड चिरायचं, तिथेच तासायचं, मालकाच्या घरची भाकर खायची आणि वर त्याच्या बायकोच्या भाजीला नावं ठेवायची. मामाजींनी ही रीत मोडली. ते अख्खं छप्पर चांद्याच्या आवारात तयार करत, तिथेच बांबूच्या मचाणावर ते पुरतं उभं करत, तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवत, मग खुंट्या काढून तुकडे सुटे करत, खुणा घालत आणि गाडीत भरून देत. छोट्या लाइनीच्या रेल्वेनं, ट्रकनं, नाहीतर बैलगाडीनं ते तुकडे जिथे जायचे तिथे जात आणि दोन दिवसांत तिथल्या भिंतींवर छप्पर उभं राही. "चांद्यात बनवलं आन् आरमोरीत बसवलं, एक सूत इकडचं तिकडे झालं नाई," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि ऐकायला कोणी नसलं तर इंजनाला ऐकवत. छप्पर आवारात उभं असताना स्वतः वर चढून आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाण्याचा त्यांचा नेम होता. मधोमध पोचले की दोनदा उड्या मारत. खाली सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या असत. "ऐकलं का, पन्नाशी उलटली तुमची," त्या म्हणत. "म्हणूनच मारून राह्यलो," हे वरून म्हणत, "पोट्ट्यानं उडी मारली तं लाकूड काय समजन!"

लाकडाची पारख ते दातांनी करत. ओंडक्याची ढलपी काढायची, दाढेखाली धरायची, डोळे मिटून सावकाश चावायची आणि मग जंगलाचं नाव सांगायचं. "आलापल्लीचा." "हा चिमूरकडचा, याले गोटाड जमीन भेटली." ही परीक्षा कारखान्यापुरती राहिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण एकदा माझ्या थोरल्या काकांनी भेटीला येताना हौसेनं आणलेली काठी दारात टेकवून ठेवली, आणि ते पाणी पिऊन परत येतात तो काठीच्या मुठीचा कोपरा व्याह्यांच्या दाढेखाली. काका अवाक झाले. मामाजींनी चघळून झाल्यावर निर्णय दिला, "साग म्हणून इकलं असन तुमाले. साग नोहे हा." काका त्या काठीला अख्ख्या खानदानात साग म्हणून मिरवत होते, त्यामुळे त्यांचा राग मुठीच्या कोपऱ्याबद्दल होता की निर्णयाबद्दल, हे आम्हाला कधी कळलं नाही.

कैचीच्या तुकड्यांवर ते आकडे घालत नसत. खेड्यापाड्यांतल्या माणसांना आकडे वाचता येत नाहीत, पण नाती सगळ्यांना कळतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक तुकड्याला नातं. डोक्याला डोकं लावून उभे असलेले दोन तिरपे वासे म्हणजे भाऊ-भाऊ, त्यांचे पाय सदा एकमेकांपासून लांब सरकायला बघणार. त्या दोघांचे पाय खालून धरून ठेवणारी आडवी तुळई म्हणजे माय. आणि मधोमध जो उभा तुकडा दिसतो तो जवाई. लग्न नवीन होतं तेव्हा मला त्याचा मान वाटला. मधोमध आहे, उभा आहे, सगळ्यांच्या नजरेत भरतो आहे. मग एकदा मी कौतुकानं कारण विचारलं. मामाजी कैचीकडे बघतच म्हणाले, "पाहणाऱ्याले वाटते, सारं छप्पर यानंच उचलून धरलं. खरं म्हणाल जवाईबापू, तं हा वरून लोंबून राह्यला." सगळे सुतार एकदम रंध्यावर वाकले आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. हे शास्त्राला धरून आहे, मधला तुकडा खरंच वरून लोंबतो आणि मायला वाकू देत नाही, असं मोठ्या मिस्त्रींनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं. हे मिस्त्री वयानं मामाजींच्याच बरोबरीचे होते आणि त्यांना सगळे चाचा म्हणत. "दामाद के बिना कैंची बैठ जाती है, मास्टरजी," ते म्हणाले. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

आणि माझं लग्न? माझं लग्न भाताच्या गिरणीच्या छपराखाली लागलं. नागभीडकडच्या एका गिरणीवाल्या शेठचं भलंमोठं छप्पर तेव्हा आवारात उभं होतं. मामाजी म्हणाले, मांडव कशाले, हे हाये ना. सागाच्या त्या नव्या कोऱ्या कैच्यांना आंब्याचे डहाळे बांधले, वरून ताडपत्र्या टाकल्या, आणि खरं सांगतो, असा देखणा मांडव मी पुन्हा पाहिला नाही. गिरणीवाले शेठही लग्नाला आले होते. माणूस हिशेबी. वऱ्हाड घेऊन आलेले त्यांचे ट्रक रिकामे परत जावेत हे त्यांना बघवेना. त्यांनी मामाजींच्या कानाशी लागून विचारलं, छप्पर याच ट्रकांतून नेऊ का, आणि लग्नघाईतही मामाजींना गिऱ्हाइकाला नाही म्हणवेना. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, दुसरी बसली, आणि पूर्वेच्या टोकाकडून चाचा खुंट्या ठोकून काढायला लागले. एकेक कैची खाली उतरत गेली तसतशी सावली सरकत गेली आणि सावलीबरोबर पंगत सरकत गेली. माझ्या आत्यानं बुंदी एका जागी वाढून घेतली, वरण दुसऱ्या जागी आणि पान संपवलं ते फाटकाजवळ. संध्याकाळी वरात निघाली तेव्हा पुढे ट्रकमध्ये मांडव आणि मागे आम्ही, असे आम्ही एकाच रस्त्यानं नागभीडला पोचलो.

हे सगळं असो. मला सांगायची आहे ती त्यांच्या दोऱ्यांची गोष्ट.

मामाजी लिहिलेल्या मापावर विश्वास ठेवत नसत. एक गाव फुटानं मोजतं, दुसरं हातानं, आणि हात पाटलाचा की कोतवालाचा यावर पुन्हा वीतभर फरक. म्हणून त्यांची ताकीद असे: भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत दोरी ताणा, तिथे गाठ मारा आणि दोरी घेऊन या. कागद नको. कारखान्यात एक पूर्ण भिंत खुंट्यांनी भरलेली होती आणि प्रत्येक खुंटीवर एकेका घराची दोरी लटकत असे. लोक रेल्वेनं दोऱ्या घेऊन येत, मोटारीच्या कंडक्टरजवळ 'कैचीवाल्याची दोरी' म्हणून देऊन पाठवत. छप्पर बसलं की मामाजी ती दोरी घरधन्याच्या हातात परत ठेवत, आणि लोक ती देवाजवळ ठेवत. दोरीबद्दल दुसरी ताकीद अशी, की ती कोरडी पाहिजे. भिजलेली दोरी फुगते आणि आखूड होते. "दोरी तहानेली असली तं चालन, पाणी प्यालेली असली तं माझ्याकडे आणू नका," ते सांगत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीहून बैलगाडीनं दीड दिवसाच्या जंगलातल्या एका गावात झाली. शाळा होती ती मोहाच्या झाडाखाली. तीस-बत्तीस मुलं, एक फळा आणि मी. गाव गोंडांचं, माणसं मोजकं बोलणारी. पहिले सहा महिने ती माझ्याकडे लांबूनच बघत होती. याआधीचे दोन मास्तर पावसाळा लागताच पळून गेले होते, तेव्हा तिसरा कधी जातो याचा अंदाज घेणं चाललं असावं. मी गेलो नाही. मग हळूहळू पोरांबरोबर त्यांचे बापही झाडाखाली येऊन बसायला लागले. त्या हिवाळ्यात खात्याकडून कागद आला: उन्हाळी परीक्षेपर्यंत शाळेला छपराची इमारत झाली नाही, तर ही शाळा बंद करून दुसऱ्या गावाला देण्यात येईल. मी तो कागद पाटलांना वाचून दाखवला.  दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव माती तुडवायला हजर होतं. महिनाभरात शाळेच्या भिंती छातीच्या वर गेल्या. छप्पर कोण देणार हा प्रश्न मला नव्हता, आणि मी ते जरा तोऱ्यातच सांगितलं होतं. "माझे सासरे देतील. त्यांची कैची एक सूत हलत नाही." पाटलांनी पळसाच्या मुळ्या ठेचून वळलेली, चांगली वाळलेली जुनी दोरी काढली. आम्ही दोघांनी ती भिंतीवर ताणली, त्यांनी गाठ मारली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

ती दोरी मी वैनगंगेत भिजवली. उतरताना डोंगा कलंडला, मी काठाला हात घातला आणि पिशवी पाण्यात. बाहेर काढली तेव्हा दोरीतून धार लागली होती. चांद्याला पोचेपर्यंत मी ती मोटारीच्या खिडकीबाहेर धरली, धोतराच्या सोग्यानं चोळली, वरून ती कोरडी दिसायला लागली. परत गाव गाठून पुन्हा माप घ्यायचं तर पाच दिवस जाणार होते. आणि खरं कारण त्याहून लहान होतं: ज्या माणसानं मला नीट न पाहतासुद्धा मुलगी दिली, त्याला 'तुमची एवढीशी ताकीद मला पाळता आली नाही' हे सांगायला माझी जीभ रेटेना. मामाजींनी दोरी घेतली आणि विचारलं, "कोरडी हाये ना, जवाईबापू?" मी म्हणालो, "हो." दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी ती पिळून पाहिली असती, दिवसभर खुंटीवर ठेवली असती. जावयाची होती म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक टोक चाचांना धरायला दिलं आणि मोजली.

चैत्रात नदीला पाणी घोट्याएवढं राहिलं तेव्हा सात बैलगाड्यांतून शाळेचं छप्पर निघालं. पाच कैच्या, आढं, वासे, दाराची चौकट. मामाजी सगळ्यात पुढच्या गाडीत. असल्या आडगावी ते स्वतः कधी जात नसत, चाचांना पाठवत. पण ही शाळा होती आणि जावयाची होती. वाटेतल्या प्रत्येक गावात ते गाडी थांबवून कोणी न विचारता सांगत होते, "शाळेचं छप्पर चाललं जी. आमचे जवाई तिथी मास्तर हायेत." मी मागच्या गाडीत बसून ते ऐकत होतो. दोरीचा विचार मनात यायचा आणि मी तो ढकलून द्यायचो. एवढीशी तर भिजली होती. वाळली असेल.

गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीस माणसांनी पहिली कैची उचलून भिंतीवर चढवली. गाव सगळं भोवती. बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या. उत्तरेच्या भिंतीवर कैचीचं टोक नीट बसलं. दक्षिणेला दुसरं टोक भिंतीच्या आतल्या कडेला नुसतं शिवत होतं. वीतभर आखूड. मधोमध सरकवावी तर दोन्हीकडे जेमतेम टेकत होती, आणि मातीच्या भिंतीची कड तेवढ्या भारानं ढासळणार हे पोरालाही कळत होतं.  आठव्या दिवशी खात्याचे साहेब शाळा पाहायला येणार होते.

मामाजींनी पिशवीतून दोरी काढली. ती आता तीन महिने खुंटीवर वाळलेली होती. त्यांनी एक टोक चाचांकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं, भिंतीवर ताणली. गाठ बरोबर बाहेरच्या कडेवर आली. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही. भिंत बरोबर होती, दोरी बरोबर होती आणि कैची आखूड होती. मामाजी खाली उतरले. त्यांनी ती दोरी बोटांतून सावकाश सरकवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका जागी थांबून नाकाला लावली. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या नात्याला दोन वर्षं होत आली होती. माझा चेहरा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. मला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगली तर बरं.

"पाटील," ते मोठ्यानं म्हणाले, "दोरी बरोबर हाये. तुमची भिंत बरोबर हाये. मास्तरनं आणली तशी दोरी माझ्या हातात देल्ली. मोजली मी. मी चुकलो."

"पर मालिक," चाचा म्हणाले. दोरीचं दुसरं टोक त्या दिवशी त्यांच्याच हातात होतं. "उस दिन तो मैंने भी..."

"चाचा, चूप बसा. गलती माझी हाये."

आणि मी? मी गप्प राहिलो. अख्खं गाव ज्याच्याकडे मास्तर म्हणून बघत होतं तो माणूस तोंड मिटून उभा राहिला. एवढंच म्हणायचं होतं, की दोरी मी भिजवली, आणि मी खोटं बोललो. ते शब्द ओठांपर्यंत आले आणि परत गेले.

मामाजींनी भिंतीभोवती दोन चकरा मारल्या आणि मग ते एकदम हुशारले. म्हणाले, भिंतीवर बसत नाही ना, मग भिंतीवर बसवायचंच नाही. भिंतीच्या आतून खांब उभे करायचे, प्रत्येक कैचीला दोन, दहा खांब. छप्पर खांबांवर, भिंती नुसत्या वारा अडवायला. पण दहा खांब आणायचे कुठून? चांद्याहून आणायला दिवस नव्हते आणि ओलं लाकूड तोडून उभं करणं मामाजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्या गावात घरोघरी पुढच्या घरासाठी चांगलं वाळलेलं लाकूड परसात उभं करून ठेवायची रीत होती. पाटलांनी स्वतःचे दोन खांब आणले. मग एकेक जण उठून घरी गेला. एक म्हातारी, जिचं घर एका बाजूला कललेलं मला रोज दिसायचं, ती दोन नातवांकडून एक ऐनाचा खांब ओढवत आली. मामाजींनी वर पाहून सवयीनं तिच्या घराच्या छपराकडे नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, हा तुमालेच लागन." ती म्हणाली, "माझ्या घराले पुढच्या साली लागन जी. शाळेले आज लागते." मामाजींनी त्या खांबाची ढलपी काढली नाही, चावून पाहिलं नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि दारासमोरच्या जागेवर उभा केला.

सात दिवस ते तिथे राहिले. स्वतः वाकस घेऊन खांब तासले, प्रत्येकाच्या माथ्यावर कुसू काढलं, कैचीच्या पायात ते कुसू बसेल अशी खाच पाडली. सातव्या दिवशी कवेलू, म्हणजे कौलं, चढले. मामाजी आढ्यावर चालले, मधोमध दोन उड्या मारल्या आणि खाली गावातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब आले. आत शिरून त्यांनी विचारलं, भिंती असताना हे मधले खांब कशाला? मी घाम पुसत होतो. मामाजी छपराकडे बघत म्हणाले, "पोट्ट्याईले पाठ टेकाले, साहेब. भिंत थंडी असते." साहेबांनी ते लिहून घेतलं असावं. शाळा राहिली.

तीन वर्षांनी एका अतोनात पावसाळ्यात त्या शाळेची पश्चिमेची भिंत पडली, पुढच्या आठवड्यात उत्तरेची. छप्पर खांबांवर जिथल्या तिथे उभं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच छपराखाली तेराचा पाढा म्हणून घेतला, एक तास बुडाला नाही. मामाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले. आणि त्यानंतर त्यांनी एक नवीनच सवय लावून घेतली. जो येईल त्याला ते आपली चूक सांगत. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ते. "चाळीस सालांत एक डाव चुकलो, पाहा. शाळेची कैची वीतभर आखूड केली. दोरी मोजाले चुकलो. म्हणून आता दोनदा मोजतो." आणि मग छाती काढून, "पण माझी गलती अजून उभी हाये. भिंती पडल्या, ते उभी हाये." लोक हसत, कौतुक करत. माझ्यासमोर सांगत तेव्हाही त्यांच्या आवाजात काही फरक पडत नसे. ते इतक्या मनापासून सांगत, की मलाच शंका यायची, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते कळून पाहिलं की नुसतंच.

एका दिवाळीला आम्ही चांद्याला गेलो होतो. मामाजींचं चालणं कमी झालं होतं, कारखाना चाचा आणि माझे मेव्हणे बघत होते. दुपारी ओसरीत खाटेवर ते पडले होते, मी शेजारी बसलो होतो आणि घरात बायका चिवडा परतत होत्या. मी म्हणालो, "मामाजी, ती दोरी नदीत भिजली होती. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो." म्हणायला एवढंच लागलं, आणि त्यासाठी मी किती वर्षं घेतली होती!

 ते वर बघतच म्हणाले, "माहीत हाये. दोरीले गाळाचा वास येऊन राह्यला होता, नदीचा. तिथीच समजलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? सगळ्या मुलुखात स्वतःचं नाव कशाला खराब करून घेतलं?"

"मी बोलतो आन् मी निघून जातो, जवाईबापू. तुमाले तिथी राहाचं होतं. सुतार चुकला तं चार खांब लावून भागते. मास्तर खोटं बोलला म्हणून गावानं ऐकलं असतं, तं तुम्ही शिकवलेला पाढा कोणं खरा मानला असता?" मग कुशीवर वळत ते म्हणाले, "आन् मले काय झालं त्यानं? चुकला म्हणून कोणाचं गिऱ्हाईक तुटलं नाई. जा, चिवडा झाला का पाहून या."

मी उठलो, पण आत गेलो नाही. परसात जाऊन उभा राहिलो. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा डोळे पुसले आणि मिरचीचा ठसका लागला म्हणून सांगितलं. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

आजही चांद्यातले जुने सुतार भेटले की मामाजींच्या गोष्टी निघतात. त्यांच्यासारखा कारागीर पुन्हा झाला नाही यावर सगळ्यांचं एकमत असतं. मग कोणीतरी हसून म्हणतं, "पण एक डाव चुकले होते बरं का ते, शाळेच्या कैचीत." बाकीचे माना डोलावतात. मी मास्तर असूनही आजवर त्यांना दुरुस्त केलं नाही. आता या वयात ते करतो: माझे सासरे एकदाही चुकले नव्हते. चूक माझी होती, आणि ती त्यांनी मरेपर्यंत स्वतःच्या नावावर अभिमानानं मिरवली.